स्किड प्लेट लावल्यापासून सायलेन्सर पाइप ठोकतोय? आवाज परत परत का येतो आणि कायमचा कसा घालवायचा

थार असो, जिम्नी असो, गुरखा असो की जुनी जिप्सी; खालून स्किड प्लेट, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सला खडकांपासून वाचवणारा जाड पत्रा, लावली की काही दिवसांतच एक तक्रार ठरलेली असते. ठरावीक आरपीएमला सीटखालून खर्रर्र आवाज येतो, नाहीतर रिव्हर्समध्ये चढ घेताना खाली ठक्क करून काहीतरी आपटतं. गॅरेजवाला गाडी वर घेतो, पाइप आणि प्लेटच्या मध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून पाइप जरा उचकवतो आणि आवाज बंद होतो. गाडी नागपूरच्या वाडी नाक्यापर्यंत जाऊन येते, एकदम शांत. मग मनसरच्या बाजूला एक चक्कर झाली की आवाज पुन्हा हजर. पुन्हा गॅरेज, पुन्हा टॉमी. कधी पाइपला तार बांधून वर ओढलं जातं, कधी मध्ये ट्यूबचा तुकडा कोंबला जातो.

हा प्रकार थांबत नाही, कारण फट चुकीच्या वेळी मोजली जाते. गाडी लिफ्टवर आहे, इंजिन थंड आहे, गिअर न्यूट्रलला आहे, खाली धुऊन स्वच्छ केलंय. अशा गाडीत दिसणारी फट रानात उरत नाही. प्लेट चेसिसला बोल्टने घट्ट बांधलेली असते, ती जागची हलत नाही. पाइपचं पुढचं टोक मात्र इंजिनला आवळलेलं, इंजिन रबरी फाउंडेशनवर, आणि मागचा सगळा पाइप हँगरच्या रबरांना लटकलेला. लिफ्टवर १० मिमी फट दिसली म्हणून समाधान मानू नका. ते १० मिमी कोण कोण खातं ते आधी बघू.

पहिली उष्णता. साध्या पोलादाचा एक मीटर पाइप ४०० अंशांनी तापला तर तो जवळपास ५ मिमी लांब होतो. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचा असेल तर साधारण ७ मिमी. कंपनीच्या पाइपऐवजी बाहेरून ३०४ चा पाइप बनवून घेतलेल्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. वाढ लांबीत होते, पण पाइप सरळ कुठे असतो? जिथे बाक आहे तिथे ती लांबी बाकाला खाली किंवा बाजूला ढकलते. म्हणून घासल्याची खूण बहुतेक वेळा सरळ भागात सापडत नाही. ती बाकाच्या पोटाशी, फ्लँजच्या (पाइप जोडणाऱ्या बोल्टच्या चकतीच्या) खालच्या कडेला किंवा प्लेटच्या वर वळवलेल्या काठाशी सापडते.

दुसरा पीळ. इंजिन जोर लावतं तेव्हा ते आपल्या फाउंडेशनवर कलतं. पुढच्या गिअरमध्ये एका बाजूला, रिव्हर्समध्ये उलट बाजूला. ट्रान्स्फर केस (चारही चाकांना जोर वाटणारी पेटी) गिअरबॉक्सलाच जोडलेली असेल तर फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या हळू पण जोरदार गिअरमध्ये, हा पीळ, गाडीप्रमाणे, दुप्पट-अडीचपट होतो. म्हणूनच वर्धा रोडवर ८० च्या वेगाने कुरकुर न करणारी गाडी रामटेकच्या टेकड्यांशी फोर-लोमध्ये रिव्हर्स घेताना ठोकते. जिप्सी आणि जिम्नीत ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, स्वतःच्या रबरांवर बसलेली असते. तिथे लो रेंजचा वाढीव पीळ त्या रबरांवर येतो. ती रबरं थकली असतील तर केसच प्लेटला टेकते आणि आळ निर्दोष पाइपवर येतो.

तिसरी आपली काळी माती. परदेशी व्हिडिओ बघून काम करणाऱ्यांच्या हिशेबात ही नसतेच. नागपूर दख्खनच्या बसाल्टच्या पूर्व काठावर वसलंय. काटोल-कळमेश्वरकडे गेलात की खाली बसाल्ट आणि वर काळी कपाशीची जमीन; ईशान्येला रामटेक-मनसरकडे गेलात की जुने, कठीण खडक. एका बाजूला प्लेटमध्ये माती भरते, दुसऱ्या बाजूला प्लेट ठोकून वाकते. काळी माती ओली असताना चिकटते, फुगते, आणि प्लेटवर चढून पाइपभोवती बसते. पाइपच्या उष्णतेने ती तिथेच भाजून घट्ट होते. आता पाइप आणि प्लेटमध्ये फटच उरत नाही, इंजिनचं प्रत्येक कंपन थेट चेसिसला जातं. पोळ्याच्या सुमाराला एखादा पाणंद रस्ता केलात आणि दुसऱ्या दिवसापासून सगळी गाडी गुणगुणायला लागली, तर पाना हातात घेण्याआधी पाण्याचा पाइप घ्या. निम्म्या तक्रारी धुण्यानेच जातात, असा माझा अनुभव आहे.

आवाज कधी येतो ते नीट ऐका

सकाळी थंड इंजिनला टिक-टिक आणि गरम झाल्यावर बंद, हा फटीचा प्रश्न नव्हेच. फ्लँजचं पॅकिंग गळतंय. धातू तापून फुगला की गळती मिटते, म्हणून आवाज थांबतो. स्किड प्लेटला दोष देऊ नका, पॅकिंग बदला.

उलट, सुरुवातीला शांत आणि अर्धा तास चालल्यावर सुरू होणारी खर्रर्र ही उष्णतेच्या वाढीची. इंजिन चालू-बंद करताना एकच ठोका बसत असेल तर फाउंडेशन रबर बघा. फक्त रिव्हर्सला किंवा फोर-लोला ठोका म्हणजे पीळ. खड्ड्यात आदळल्यावर खडखड म्हणजे हँगरची रबरं सैल, किंवा प्लेटच पातळ असल्यामुळे मधोमध लवतेय.

पत्र्याचा बारीक, झिणझिणणारा आवाज ठरावीक आरपीएमलाच येत असेल तर बहुतेक वेळा तो पाइपचाही नसतो आणि प्लेटचाही नसतो. पाइपवरच्या हीट शील्डचा एखादा स्पॉट वेल्ड सुटलेला असतो. शील्ड काढून फेकून देण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. वरच्या फ्लोअरला, वायरिंगला आणि ब्रेकच्या नळ्यांना ती शील्डच वाचवते. स्टेनलेसच्या मोठ्या होज क्लिपने ती पाइपभोवती आवळा, काम झालं.

गाडी बंद केल्यावर काही मिनिटं येणारी टण-टण निवणाऱ्या धातूची असते. तिच्यामागे लागू नका.

फट खरी किती आहे ते मोजा

यासाठी स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल पुरतो. फॉइलचे सैल बोळे करायचे, प्लेट आणि पाइपमधल्या फटीपेक्षा थोडे मोठे, आणि संशयाच्या प्रत्येक जागी एकेक बसवायचा. जागेवरून सरकू नये म्हणून खालून प्लेटला बारीक तारेने अडकवता येतो. इंजिन थंड असतानाच हे करा. मग गाडी रस्त्यावर चांगली तापवा, मातीच्या मोकळ्या जागेवर नेऊन फोर-लोमध्ये पुढे-मागे हलका चढ घ्या, दोन-चार खड्डे घ्या. डांबरावर फोर-लो लावू नका, पार्ट-टाइम फोर-बाय-फोरला ते सोसत नाही. परत आल्यावर गाडी पूर्ण थंड होऊ द्या आणि बोळे काढा. सर्वात जास्त दबलेल्या जागेची जाडी मोजा. प्रवासात कधीतरी फट तेवढीच उरली होती, हे ते फॉइल सांगतं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पाइपच्या बाहेरच्या अंगाला ते टिकतं.

जिथे फॉइल कागदासारखं पातळ झालं, तिथे धातू धातूला लागतोय. त्या जागेला प्लेटवर पांढऱ्या रंगाने खूण करा.

इंजिन जोरात असताना खाली कोणी झोपून बघायचं नाही. गाडी जॅकवर असताना तर मुळीच नाही. फॉइलचा फायदाच हा, की गाडी चालत असताना माणूस खाली लागत नाही.

माझा ठोकताळा असा: थंड, स्वच्छ, उभ्या गाडीत पाइप आणि प्लेटमध्ये २५ मिमी मिळाली तर उत्तम, २० मिमी चालेल. फॉइलवर १० मिमीच्या खाली आलं तर काम करायला घ्या. नुसत्या डांबरावर फिरणाऱ्या गाडीला याहून कमी चालतं, पण मग तिला स्किड प्लेट कशाला?

प्लेटला हात लावण्याआधी रबरं

पाइप प्लेटला लागतोय म्हणजे दोघांपैकी एक जण आपल्या जागेवरून हलला आहे. कोण हलला हे न बघता पाइप उचकवणं म्हणजे तोच आवाज पुन्हा बोलावणं.

हँगरची रबरं पहिली काढा आणि नव्या रबराशेजारी ठेवा. ताणून लांब झालेली, भेगा पडलेली दिसली की सगळी एकदम बदला. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, पूर्ण झाकलेल्या प्लेटच्या वर रबराला किती ताप बसतो याची कल्पना करा. हवा खेळत नाही, पाइप तापलेला, खालून रस्ता तापलेला. उघड्या गाडीत जी रबरं वर्षानुवर्षं टिकतात ती प्लेटमागे लवकर थकतात. एकच बदलली तर भार नव्यावर येतो आणि पाइप तिरका बसतो.

मग इंजिनचं फाउंडेशन. रबर खचलं की इंजिन खाली बसतं आणि त्याच्यासोबत पाइपचं पुढचं टोकही. दोन्ही बाजूंची उंची मोजून ताडून बघा. त्यानंतर गिअरबॉक्सजवळचा पाइपचा ब्रॅकेट तुटलाय का, आणि जाळीचा फ्लेक्सिबल पाइप लोंबतोय का, हे बघा. ब्रॅकेट तुटलेला असेल तर बाकी काहीही करून उपयोग नाही.

हे सगळं धड असेल तर मागून पुढपर्यंत सगळे क्लॅम्प आणि फ्लँजचे नट सैल करा, पाइप हलवून त्याला आपल्या वजनाने बसू द्या, आणि मग पुढून मागे एकेक आवळत या. ताण ठेवून आवळलेला पाइप गरम झाला की वाटेल तिकडे सरकतो. अनेक गाड्यांत एवढ्यानेच १० मिमी परत मिळतात, एक रुपयाचा पत्रा न कापता.

तार बांधून पाइप वर ओढणं बंद करा. तार रबराचं काम करत नाही. ती कंपन चेसिसला देते आणि पाइपचा ताण फ्लँजवर टाकते. तिथे भेग पडली की धूर केबिनखाली सुटतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ट्यूबचा किंवा मॅटचा तुकडा मध्ये कोंबण्याबद्दल तर बोलायलाच नको: तो जळतो.

प्लेट वाकली आहे का

मनसर-रामटेकच्या खडकांवर जाणाऱ्यांची बहुतेक दुखणी इथे सापडतात. प्लेट काढा, जमिनीवर ठेवा, लांब सरळ पट्टी आडवी-उभी लावा. मधोमध आत गेलेली खळी बाहेरून कळत नाही, पण तिने वरच्या बाजूची सगळी फट खाल्लेली असते. पोलादी प्लेट प्रेसवर सरळ होते. सरळ केलेली प्लेट पुन्हा तिथेच वाकणार असेल, म्हणजे पत्रा ३ मिमीचा आणि मध्ये आधार नसलेलं अंतर मोठं, तर सरळ करून भागणार नाही. लांबीच्या दिशेने बाहेरून पट्टी वेल्ड करा किंवा कडा वळवून घ्या. वेल्डिंग प्लेट गाडीवरून काढूनच करायचं. गाडीवर करणं भागच असेल तर आधी बॅटरीची वायर सोडा.

ॲल्युमिनियमची प्लेट असेल तर फॅब्रिकेटरला ग्रेड विचारा. ५०५२ चांगली वाकते. ६०६१-टी६ तीव्र कोनात वाकवली की तडकते, आणि वेल्डच्या उष्णतेने तिची ताकद उतरते. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून तिची सगळी भोकं गोल ठेवू नका. एका टोकाची थोडी लांबट हवीत. नाहीतर प्लेट फुगून वर कमान धरते आणि उन्हाळ्यात नेमकी पाइपला लागते.

एवढं करूनही फट कमी पडली तर

सर्वात सोपा उपाय प्लेट खाली घेण्याचा. पण वॉशरांची चळत लावून नाही. वॉशर एकमेकांवर सरकतात, बोल्ट वाकतो आणि पहिल्या मोठ्या खडकाला तुटतो. लेथवरून प्रत्येक बोल्टसाठी एकच अखंड बुश करून घ्या, बाहेरून २५ ते ३० मिमी व्यासाचा, दोन्ही तोंडं सपाट. बुश जेवढ्या उंचीचा तेवढा बोल्ट जुन्याहून लांब घ्यायचा, ८.८ किंवा त्यावरच्या ग्रेडचा. इतवारीत लोहाओळीच्या भागात ग्रेडचे बोल्ट मिळतात. डोक्यावर आकडा कोरलेला आहे का हे बघूनच घ्या.

खाली किती घ्यायचं? थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिमी, जिम्नीचा २१०. त्यातले १० मिमी देणं मला मान्य आहे. २० द्यायला मी तयार होणार नाही, कारण ज्या खडकासाठी प्लेट लावली तोच खडक आता आधी लागणार. शिवाय एकच प्लेट खाली घेतली आणि शेजारची तशीच राहिली तर जोडावर पायरी तयार होते. प्लेटा कौलांसारख्या एकीवर एक यायला हव्यात: पुढच्या प्लेटची मागची कड मागच्या प्लेटच्या पुढच्या कडेखाली. नाहीतर ती पायरी खडकाला अडकते.

१० मिमीने भागत नसेल तर प्लेटचा आकार बदला. पाइपच्या खाली, पाइपच्या लांबीने, एक उथळ पन्हाळ प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या यंत्रावर) काढून घ्यायची. हिंगणा एमआयडीसीत पत्र्याची कामं करणाऱ्या छोट्या युनिटांकडे प्रेस ब्रेक असतात. पन्हाळीने प्लेट कडकही होते, म्हणून हा उपाय मला सगळ्यांत आवडतो. पन्हाळीच्या दोन्ही टोकांना उतार ठेवायला सांगा, उभी भिंत नको. तिच्या तळाला पाण्यासाठी भोकं हवीतच.

खिडकी कापणं हा तिसरा मार्ग. पाइपचा सगळ्यांत खालचा बाक एकाच जागी लागत असेल तर तिथे प्लेट कापून मोकळी करता येते. कोपरे गोल ठेवा, चौकोनी कोपऱ्यातून भेग सुरू होते. कड आत वळवा किंवा घासून गुळगुळीत करा, बोल्टच्या भोकापासून दूर राहा. इंजिनच्या समपखाली (तळाच्या तेलाच्या भांड्याखाली) मात्र खिडकी नको. प्लेट ज्यासाठी आहे तीच जागा उघडी पडते.

पाइप कापून वर घेणं मी शेवटी ठेवतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत पाइपवर सेन्सर आहेत, डिझेलमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे, आणि त्यांच्या जागा विचार करून ठरवलेल्या आहेत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, डीपीएफ आणि शेवटच्या सेन्सरपर्यंतच्या, इंजिनकडच्या भागाला हात लावायचा नाही. त्यामागच्या साध्या पाइपात बाक बदलून १५-२० मिमी वर घेता येतो, वर फ्लोअर, डिझेल-पेट्रोलच्या नळ्या आणि वायरिंग पुरेशी लांब राहत असतील तरच. हातोड्याने पाइप चेपून फट काढणारे भेटतील. त्याने पाइपचा घसा आवळला जातो आणि इंजिनवर उलटा दाब येतो. करू देऊ नका.

कुटार, पऱ्हाटी आणि आग

फटीचा प्रश्न आवाजापुरता असता तर मी एवढं लिहिलं नसतं. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघालं की धुऱ्या-धुऱ्यावर कुटार (मळणीनंतरचा भुसा) पडलेलं असतं. पुढे उन्हाळ्यापर्यंत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, आणि पेंचच्या, उमरेडच्या बाजूला गुडघाभर सुकलेलं गवत. अशा जागेतून गाडी गेली की प्लेट हे सगळं वर गोळा करते आणि पाइपाशी दाबून धरते. प्लेट नसती तर ते खाली गळून गेलं असतं. डिझेल गाडीत त्याच वेळी डीपीएफचं रिजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळणं, सुरू झालं तर तिथली उष्णता ६०० अंशांच्या घरात जाते. वाळलेल्या गवताला पेट घ्यायला त्याच्या निम्मीही पुरते.

म्हणून वाळल्या दिवसांत रानातून बाहेर पडल्यावर थांबा, वाकून टॉर्चने बघा, लांब आकड्याने काडीकचरा ओढून काढा. हात घालू नका, पाइप भाजतो. गवतावर गाडी उभी करून इंजिन चालू ठेवू नका. गाडीत आग विझवण्याचा सिलेंडर असू द्या, हाताशी, सामानाखाली नव्हे. जळका वास आला तर आधी गाडी मोकळ्या जमिनीवर घ्या, मग बघा.

याच कारणासाठी प्लेटमध्ये पाइपच्या रेषेत ३०-४० मिमीची धुण्याची भोकं हवीत, आणि शक्यतो पाइपखालचा भाग वेगळा निघणारा. पूर्ण प्लेट काढायला दोन माणसं आणि तासभर लागतो म्हणून कोणी ती काढत नाही. चार बोल्टांचं झाकण असेल तर माणूस काढतो. काळी माती त्याच संध्याकाळी धुवा, ओली असताना. पाइप निवल्यावर धुवा, लाल तापलेल्यावर पाणी मारू नका. दुसऱ्या दिवशी ती पाण्याने निघत नाही, पटाशीने खरवडावी लागते, आणि खरवडताना सेन्सरची वायर तुटते.

काम झालं की बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा. गाडीच्या कंपनीने आकडा दिला असेल तर तोच. नसेल तर कोरड्या आट्यांवर ८.८ ग्रेडच्या एम१० ला ४५ ते ५० न्यूटन-मीटर, एम१२ ला ८० ते ८५. प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून प्लेटवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा. बोल्ट फिरला की रेघ तुटलेली दिसते. पहिली रानातली फेरी झाल्यावर पुन्हा रेंच लावा, कारण नवे बुश आणि नवा रंग तेवढ्यात दबून बसतात आणि बोल्ट थोडे सैल होतात. त्याच वेळी फॉइलचे बोळे परत एकदा ठेवा आणि आलेला आकडा सर्व्हिस बुकच्या मागच्या पानावर तारखेसह लिहा. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा मोजाल तेव्हा तो आकडा कमी झालेला दिसला, तर नवीन आवाज यायच्या आधीच कोणतं रबर बदलायचं ते कळेल.